ताईंचा निरोप समारंभ लांबणीवर

ताई पहिल्याच फेरीत हरणार, हे सर्वांच्या सोयीने आधीच ठरलं होतं. वय अडतीस, उजव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया, आणि समोर मानांकित खेळाडू. म्हणून टेनिस महासंघाने सामना संपताच कोर्टवरच निरोप समारंभ ठेवला. ताईंनीही मान डोलावली होती. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्या दोनदा हरल्या होत्या. विजेतेपद आपल्या नशिबात नाही, हे त्यांनी जवळजवळ मान्य केलं होतं. निदान निरोप तरी नीटनेटका व्हावा, एवढीच इच्छा.

निरोपाचं भाषण महासंघाचे सचिव करणार होते. वय चौऱ्याहत्तर. त्यांना नुकतीच पाचवी मुदतवाढ मिळाली होती, कारण अनुभवाला पर्याय नसतो.

प्रतिस्पर्धी विजयापासून एका गुणावर आली आणि दोन कामगारांनी घाईघाईने कोर्टच्या कडेला फलक उभा केला : 'कृतज्ञता!' खाली ताईंचा हसरा फोटो, तोही फार जुना. अलीकडचा शोधायची तसदी कुणी घेतली नव्हती. ताईंनी फलकाकडे पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर प्रतिस्पर्धीला तो एक गुण काही मिळाला नाही.

सचिव घामाघूम होऊन आले. "ताई, अभिनंदन. पण फुलं आजची होती हो."

"माफ करा," ताई म्हणाल्या. आपण खरोखरच ओशाळलो, याचा त्यांना नंतर फार राग आला.

समारंभ पुढच्या फेरीवर ढकलण्यात आला. ताईंनी तीही जिंकली. परत येऊन बघतात तो लॉकर रिकामा, सामान दाराबाहेर. लॉकर 'भविष्या'ला देण्यात आला होता. भविष्य म्हणजे एकोणीस वर्षांची एक मुलगी. महासंघाने तिची त्या पदावर रीतसर निवड केली होती. ताई टॉवेल ठेवायच्या खोलीत कपडे बदलू लागल्या.

दादा त्यांचा थोरला भाऊ आणि प्रशिक्षकही. तो सरावाला कोर्ट मागायला गेला.

"सरावाची कोर्टं उद्याच्या खेळाडूंसाठी राखीव आहेत," सचिव म्हणाले.

"हिची मॅच उद्याच आहे."

"उद्याच्या म्हणजे त्या अर्थाने नव्हे."

मग ताईंनी गाड्या लावायच्या जागेतल्या भिंतीवर सराव केला. भिंत चेंडू परत करत होती आणि वय विचारत नव्हती. अशा सरावावर त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. समोर येणार होतं साक्षात भविष्य.

आदल्या दिवशी सचिव हॉटेलवर आले. हातात भाषण. "यात 'हुकलेलं स्वप्न' असा एक उतारा आहे. तिथे माझ्या डोळ्यांत हमखास पाणी येतं. तुम्ही जिंकलात तर मी तो घालू कुठे?"

"म्हणजे मी हरावं?"

"छे, छे! महासंघ तटस्थ आहे. फक्त भविष्याचा विचार व्हावा."

ते गेल्यावर दादाने विचारलं, "गुडघा काय म्हणतोय?"

"दुखतोय."

"मग गं?"

"मग काय? घरी बसले तरी दुखणारच आहे."

अंतिम सामन्याआधी ती मुलगी लाजत जवळ आली. "काकू... सॉरी, ताई. माझी आई तुमची फॅन आहे. लहानपणापासून."

"तिच्या?"

"नाही, माझ्या."

"मग तिला सांग, आज नीट बघ म्हणावं."

आईने नीट पाहिलं. मुलगी वाऱ्यासारखी धावत होती, आणि ताई चेंडू जिथे वारा नव्हता तिथे टाकत होत्या. शेवटचा गुण घेऊन ताई गुडघ्यांवर कोसळल्या आणि ओंजळीत तोंड लपवून रडल्या. बराच वेळ उठल्या नाहीत. भावना दाटून आल्यात, असं समालोचक सांगत राहिले. दाटून आल्या होत्याच. शिवाय गुडघाही अडकला होता.

सचिवांनी करंडक दिला आणि भाषण जसंच्या तसं वाचलं. 'हुकलेलं स्वप्न' आल्यावर ते रडले. स्वप्न ताईंच्या हातात चकाकत होतं, पण मजकुराला मंजुरी आधीच मिळालेली होती.

पत्रकारांनी एकच प्रश्न विचारला : निवृत्ती कधी?

"पुढच्या वर्षी पुन्हा खेळणार आहे," ताई म्हणाल्या.

"हाव तरी किती असावी माणसाला!" सचिव हळहळले.

पराभवाची महासंघाने गंभीर दखल घेतली. एकोणीस वर्षांचं भविष्य म्हणजे फारच उशीर, असा निष्कर्ष निघाला. नवीन भविष्य नऊ वर्षांचं निवडण्यात आलं.

आठवड्याने ताई सरावाहून घरी परतल्या. कठडा धरून जिना चढू लागल्या, तर लिफ्टपाशी शेजारी उभे.

"अभिनंदन हो ताई! पण आता बास. नाव आहे तोवर थांबावं माणसानं."

"तुमचं काय चाललंय हल्ली?"

"आमचं काय असणार? वय झालं आता," ते बऱ्यापैकी अभिमानाने म्हणाले. ते ताईंहून चार वर्षांनी लहान होते.

लिफ्ट आली. त्यांना पहिल्या मजल्यावर जायचं होतं. आत जागा भरपूर होती; तुम्ही, मी, सगळेच सहज मावलो. आणि दार बंद होईपर्यंत ताईंच्या गुडघ्याची काळजी करत राहिलो.