गच्चीवरची गोळी

माणसाला हृदय एकच असते, आणि म्हणूनच ते सांभाळण्याचे काम शक्यतो दुसऱ्या कुणावर तरी सोपवावे. आमच्या भावोजींनी ते माशावर सोपवले.

झाले असे की डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला, मीठ कमी करायला आणि तळलेले सोडायला सांगितले. भावोजींचा चेहरा इतका पडला की डॉक्टरांनाच कसेतरी झाले. "हवी तर माशाच्या तेलाची गोळी घ्या," ते म्हणाले, "पण तिच्यावर विसंबू नका." यातले 'घ्या' तेवढे भावोजींनी मनावर घेतले.

घरात नवी कार्यपद्धती लागू झाली. आधी गोळी, मागाहून तळण. कुणाकडे जेवायला जाताना दोन गोळ्या खिशात (यजमान कसे निघतील सांगता येत नाही). चालणे रद्द, कारण मासा जन्मभर पोहतो आणि तो व्यायाम तेलात उतरतो, असे भावोजींचे मत होते. इमारतीतल्या निवृत्त मंडळींनी त्यांचे अनुकरण केले आणि रीतसर पाहणीही केली. गोळी घेणारे शंभर टक्के सभासद हयात आढळले (मयत सभासदांकडून उत्तरे आली नाहीत).

ताई मात्र मनातून घाबरली होती. भावोजींना बाथरूमपर्यंत जाताना धाप लागे. दुपारी ते आडवे झाले की ती येऊन श्वास चालू आहे ना ते बघून जाई. शेवटी एके सकाळी तिने बाटली उचलली आणि पाच मजल्यांवरच्या गच्चीत, टाकीच्या सावलीत नेऊन ठेवली.

"अहो, घरात तेल खवट होतं. वर जाऊनच घेत जा, खाली आणू नका."

भावोजी पहिल्या मजल्यावर राहतात आणि इमारतीला लिफ्ट नाही. सुरुवातीला ते प्रत्येक मजल्यावर टेकत. पुढे पुढे कुठेच टेकेनात. तळणाआधीची गोळीही वरच असल्यामुळे तळण आपोआप कमी झाले. पुढच्या तपासणीत वजन उतरलेले, रक्तदाब उतरलेला.

"काय केलंत?" डॉक्टरांनी विचारले.

"गोळी," भावोजी म्हणाले, आणि घरी येऊन त्यांनी मात्रा दुप्पट केली. ताईला इतका आनंद झाला की ती म्हणाली, "तीनदा घेतली तरी चालेल."

मग सगळ्यांच्याच बाटल्या गच्चीत गेल्या आणि इमारतीची सभा भरली. भावोजींनी ठराव मांडला: हृदयाचे औषध वर असताना हृदयाच्या माणसांना जिने चढायला लावणे अमानुष आहे, सबब लिफ्ट बसवावी.

"तू तरी हात वर करू नकोस," ताई मला बाजूला घेऊन म्हणाली. "लिफ्ट आली की हे पुन्हा जागचे हलायचे नाहीत. मला भीती वाटते रे."

मला तिचा शब्दन् शब्द पटला. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

मी चौथ्या मजल्यावर राहतो. त्या संध्याकाळी माझ्या हातात बाजाराच्या दोन जड पिशव्या होत्या. त्यातली एक खाली ठेवून मी हात वर केला. तुम्ही केला नसता, असे छातीवर हात ठेवून सांगा.