पायरीचं गजकर्ण

माझं अक्षर वाकडं आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. चौथीतच शाळा सुटली. कुणाच्या हाती ही वही पडलीच तर सांभाळून घ्यावं. पण काठीला भिंग बांधून शेवाळ बघणारा माणूस अख्ख्या मांडवीत एकच, आमचे शेजारी अण्णा.

पोफळीच्या वीजघरातून रिटायर झालेले. पावसात त्यांच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर हिरवंगार शेवाळ चढतं. यंदा त्यात पांढऱ्या कडेचे गोल चट्टे उठले. अण्णा उभ्यानेच भिंग फिरवायचे नि ओरडायचे, "इथली फेज गेली!" मग लांब चिमट्याने चट्ट्याचा तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायचे.

एकदा मी धीर करून विचारलं, "अण्णा, काय झालंय?"

"गजकर्ण गो, सुमन. पायरीला गजकर्ण झालंय."

मला वाईट वाटलं. गेल्या श्रावणात अण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकू, याच पायरीवरून घसरून पडल्या, हात मोडला. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर नाहीत. त्यात पायरीचं हे दुखणं! मी गुपचूप गजकर्णाचं मलम आणलं आणि सगळ्या चट्ट्यांना चोपडलं.

आठवड्याने अण्णांनी कपाळाला हात लावला. "चट्टे वाढायचे थांबले! कोणी काय केलं?"

मी मान खाली घालून ट्यूब पुढे केली.

"अगो बाय माझे, तू माझी बुरशी मारलीस! महिनाभर वाढवली होती. ती शेवाळ खाणार, पायरी मोकळी होणार, मग ही खाली उतरणार!"

"मग काथ्यानं घासायचं ना? अर्ध्या तासाचं काम."

अण्णांनी खिडकीकडे बघितलं. आवाज उतरला. "कंबर वाकत नाही गो माझी. हिला कळलं तर त्या मोडक्या हाताने माझंच करत बसेल. बोलू नको कुठे."

दुसऱ्या दिवशी अण्णा देवळात गेल्यावर मी राख नि काथ्या घेऊन चारही पायऱ्या घासून काढल्या.

अण्णा आले. पायऱ्या बघितल्या, मग मला बघितलं. आणि खणखणीत हाक मारली, "अगो, ये बाहेर! माझ्या बुरशीनं काम फत्ते केलंन!"

दोघं एकेक पायरी उतरू लागली. अण्णांना वाटत होतं, आपण काकूंना धरलंय. काकूंचा धड हात मात्र अण्णांच्या कमरेला घट्ट होता.

अंगणात पोचल्यावर काकूंनी माझी काळी झालेली नखं बघितली आणि हळूच म्हणाल्या, "त्या बुरशीला म्हणावं, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."