एलायस काडतूस निवडतो

ऑस्ट्रेलियन बंदूकवाल्या डीनचा प्रश्न साधा होता. "काडतूस कोणतं, मेट?" एवढंच. शहाण्या माणसाला उत्तर द्यायला अर्धं मिनिट पुरे. एलायस घोन्साल्विसला एकशे अकरा दिवस लागले.

आता एलायस शहाणा नव्हता असं नाही, तो जरा जास्तच शहाणा होता आणि घोटाळा तिथेच होता. एका विमा कंपनीत तो बिझनेस ॲनालिस्ट. जगातली कुठलीही गोष्ट तक्त्यात भरल्याशिवाय गड्याला पचत नसे. मेलबर्नजवळ पॉइंट कुकच्या त्याच्या घरात फ्रिज आला तो नऊ महिन्यांच्या अभ्यासानंतर. (नऊ महिन्यांत लोक पोरं काढतात, बायको सॅन्ड्रा म्हणाली होती. ती तोवर बर्फाच्या डब्यात दूध ठेवत होती.)

झालं असं, की दोन हजार वीसच्या जूनमध्ये एलायसने एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून रायफल घेतली. डोंगरात वागवायला केलेली, अडीच किलोच्या आतली. नळी मात्र पार झिजलेली. म्हणून वेरिबीला डीनकडे टाकली. बंदुकांना नव्या नळ्या बसवणं हा डीनचा धंदाच. पण नळी बसवायची तर आत काडतूस कुठलं जाणार ते आधी सांगावं लागतं. त्याच मापाने नळी कोरतात, आणि एकदा कोरली की कोरली. डीनने विचारलं, एलायस म्हणाला, "एक दिवस दे, मेट." आणि कोरोनाने मेलबर्नला टाळं लागलं. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. वेरिबी पलीकडे. फोन उचलून नाव सांगायचं, इतकंच काम उरलं होतं.

बरं, घाई नव्हती असंही नाही. ट्रेव्हर लोपीस, एलायससारखाच मूळचा वसईचा, इथे तीस वर्षं ट्रक दुरुस्त करणारा माणूस, दर वर्षी चौघांना घेऊन डोंगरात सांबराच्या शिकारीला जायचा. गेली दोन वर्षं एलायसही जायचा. आचारी म्हणून! बाकीचे पहाटे बंदुका घेऊन चढायचे, हा खाली बसून कांदे चिरायचा. यंदा मात्र ट्रेव्हरने शब्द दिला होता, "स्वतःची रायफल घेऊन ये, एली. पहिला बार तुझा." त्या वाक्यावर एलायस सहा महिने जगत होता. पुन्हा कांद्यापुढे बसायची वेळ आली तर चर्चमध्ये तोंड कसं दाखवायचं, ही त्याला खरीखुरी भीती होती.

त्याने तक्ता उघडला. धक्का, वेग, गोळीचं वजन, सहाशे मीटरवर किती खाली येते, यूट्यूबवरचे अमेरिकन दाढीवाले शिकारी काय म्हणतात, असे सव्वीस रकाने. गुणांची सूत्रं बसवून दिली ऑफिसातल्या निनादने. हा निनाद पुण्याचा, केकसुद्धा अंडं आहे का विचारून खाणारा. पण सूत्रं सुंदर बसवली हो.

सॅन्ड्रा हॉस्पिटलात नर्स. ती बारा तासांची शिफ्ट करून, नाकावर मास्कचे वळ घेऊन घरी यायची, आणि हा लॅपटॉप घेऊन दारातच उभा.

"ठरलं का?"

"थ्री-झीरो-एट चांगलं आहे गं. पण ते सगळ्यांकडेच असतं."

"नवरेही सगळ्यांकडेच असतात. मी काही बोलते का?"

रविवारी यूट्यूबवरची चर्चची मिस्सा संपली की वसईला झूम. तिथे सासऱ्यांपुढे प्रकरण गेलं.

"पप्पा, सहाशे मीटरवर गोळी किती खाली येते, हे बघावं लागतं."

"सहाशे मीटर?" सासरे खुर्चीतून पुढे आले. "चष्मा लावून तुला वेदीवरचा फादर ओळखता येत नाही, आणि सहाशे मीटरवर सांबर दिसणार?"

एलायस खचला नाही. त्याने वसईच्या ग्रुपवर मतदान घेतलं. बावीस जणांनी मत दिलं. त्यातल्या एकवीस जणांनी जन्मात बेचकीही हातात धरली नव्हती. बाविसावा चुकून दाबला म्हणाला.

ट्रेव्हरचा फोन आला. "टू-सेव्हंटी घे रे बाबा. माझी तीच आहे. तिने बत्तीस सांबरं पाडलीत मी."

फोन ठेवल्यावर एलायसने नाक मुरडलं. "गॅरेजवाला तो! आजोबांच्या काळातलं काडतूस वापरतो. बॅलिस्टिक कोएफिशंट कशाशी खातात ते तरी त्याला माहीत आहे का?"

"सांबराला माहीत आहे का?" सॅन्ड्राने विचारलं.

मुलगी ॲन्ड्रिया तिच्या युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन लेक्चरमधून मान वर न करता म्हणाली, "डॅड, इट्स अ बुलेट. यू आर नॉट मॅरिंग इट."

पण स्थळं बघणं चालूच राहिलं. जास्त दारूचं मॅग्नम आवडलं, पण खांद्याला झेपेना. (झेपणार नाही हे त्याने गोळी न झाडताच, खांद्यावर उशी बांधून आणि निबंध वाचून ठरवलं.) एक काडतूस फार जुनं, एक फार नवं, एक दुकानात मिळत नाही, एक दुकानात फारच मिळतं म्हणून सवंग. दोनदा डीनला नाव कळवलं आणि दोनदा तासाभरात मागे घेतलं. शेवटी ऑक्टोबरच्या अखेरीला टाळं उघडलं त्याच दिवशी निकाल लागला. साडेसहा मिलिमीटरचं, सहा पॉइंट पाच! धक्का कमी, गोळी जाते सरळ, आणि दाढीवाल्यांमध्ये एकमत. एलायसने डीनला अकरा पानांचा अहवाल पाठवला. डीनने शेवटची ओळ वाचली. "नो वरीज."

डिसेंबरात डोंगर गाठला. तंबू ठोकून झाल्यावर एलायसने सगळ्यांदेखत रायफल बाहेर काढली. नवरीचा पदर सारावा तसं त्याने फडकं सारलं. ट्रेव्हरने रायफल हातात घेतली, तोलली. "पिसासारखी आहे रे!" मग त्याची नजर नळीवर कोरलेल्या आकड्यावर गेली.

"एली, हे सहा पॉइंट पाच आहे."

"आहेच! एकशे अकरा दिवस..."

"सांबराला हे चालत नाही."

"चालत नाही? अरे, सहाशे मीटरवर याची ताकद..."

"ताकद राहू दे. कायद्याने चालत नाही. व्हिक्टोरियात सांबराला कमीत कमी टू-सेव्हंटी, म्हणजे सात मिलिमीटरला जरासं कमी. लायसन्सबरोबर पुस्तक येतं, त्यात मोठ्या अक्षरात छापलंय. तू काय मारायला निघालास ते डीनला सांगितलं होतंस ना?"

अकरा पानांत सांबर कुठे नव्हतंच. सव्वीस रकाने भरले, पण मारायचं काय, हा रकानाच नव्हता! अख्खी अमेरिका पालथी घातली आणि खणातलं सोळा पानी पुस्तक उघडलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. फरक किती? मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. एलायसला तिथेच रडू आलं, आणि बाकीच्या तिघांनी हसू आवरायला तोंडं फिरवली.

पण ट्रेव्हर मनाने चांगला. सकाळी त्याने एलायसला तंबूतून ओढून काढलं. "चल. माझी घे. शब्द दिलाय मी, पहिला बार तुझाच."

दोघं दीड तास चढले. ओढ्याच्या वळणावर ट्रेव्हरने हात वर केला. समोर ऐंशी पावलांवर सांबर! आडवं उभं, शिंगं झाडाएवढी, खाली मान घालून पाणी पीत होतं. आंधळ्याचाही नेम लागला असता. एलायसने रायफल घेतली. दस्ता खांद्याला टेकवून डोळा लावला. देवाशपथ, त्या क्षणी तो शिकारी होता.

आणि इथे ट्रेव्हरने चूक केली. रायफल भरायला त्याने सवयीने खिशातून दोन काडतुसं काढून तळहातावर धरली आणि कुजबुजला, "एकशेतीस ग्रेनचं हलकं देऊ, का दीडशेचं जड?"

एलायसने रायफल खाली केली.

"अंतर नक्की ऐंशीच ना?"

"एली, कुठलंही घे."

"तसं कसं? वारा डावीकडून आहे. हलकं घेतलं तर सपाट जाईल, पण खांद्याच्या हाडावर बसलं तर..."

"एली!"

"थांब रे, दोघांची तुलना..."

सांबराने मान वर केली, कान टवकारले, ट्रकच्या भोंग्यासारखं एकदा ओरडलं आणि झाडीत शिरलं. फांद्या मोडल्याचा आवाज लांब लांब जात थांबला. ट्रेव्हर ओढ्याकडे बघत बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"दीडशेचं," एलायस ठामपणे म्हणाला.

ट्रेव्हरने दोन्ही काडतुसं खिशात टाकली. "चल खाली. भात लाव. आणि पाणी किती घालू, ते मला विचारू नकोस."