माझी इम्युनिटी भुईगावची आहे

आमच्या विरारच्या सोसायटीत फ्लूच्या लशीचा कॅम्प होता. बायको म्हणाली, "चला, तिघंही जाऊन येऊ." मी चहात खारी बुडवत होतो. म्हणालो, "तू आणि अनुष्का जा. मला गरज नाही." एवढंच बोललो मी.

"का गरज नाही?" मीराने विचारलं.

"माझी इम्युनिटी भुईगावची आहे."

(हे वाक्य मी इतक्यांदा बोलतो, की आमच्या लेकीने त्याला चाल लावली आहे.) पण खरंच, काय बालपण होतं आमचं भुईगावात! मी आणि शेजारचा जोसेफ विहिरीचं पाणी थेट बादलीतून प्यायचो, बावखलाच्या तळ्यात डुंबायचो, जमिनीवर पडलेली जांभळं शर्टाला पुसून खायचो. अशा माणसाला फ्लू काय करणार?

त्यात त्याच महिन्यात जोसेफच्या मुलीचं, किंजलचं लग्न होतं आणि टोस्टच्या भाषणाचा मान मला मिळाला होता. भुईगावच्या ख्रिस्ती लग्नात टोस्टला एखादे बोलके काका नाहीतर हेडमास्तर उभे राहतात. ऑफिसात मला कुणाच्या सेंडऑफलाही माइक मिळत नाही. त्यामुळे स्टीलचा पेला उंचावून रोज स्वयंपाकघरात माझी तालीम चाले, आणि मीरा मुकाट्याने पोळ्या लाटत असे.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ऑफिसातला संग्राम शिंकत आला. सगळ्यांनी खुर्च्या लांब सरकवल्या. मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसून त्याच्याच डब्यात जेवलो. "घाबरू नकोस रे, मला काही होत नाही," असंही वर सांगितलं.

लग्नाच्या सकाळी अंगात ताप होता आणि आवाज पार गेला होता.

"जोसेफभावजींना फोन करून कळवते," मीरा म्हणाली.

"नको! बॉडी फाइट करतेय," मी कुजबुजलो. "संध्याकाळपर्यंत ठणठणीत होईन."

संध्याकाळी मी मास्क लावून जोसेफच्या अंगणातल्या मांडवात हजर होतो. माझं नाव पुकारलं गेलं. मी मास्क काढला, ग्लास उंचावला आणि तोंड उघडलं. कोरड्या हापशासारखा आवाज आला. बँडवाल्याने धावत येऊन माइक बदलला. मग पुन्हा बदलला. शेवटी मीरा उठली. "ह्यांचं भाषण मला पाठ आहे," म्हणाली आणि माइक घेऊन बोलू लागली.

काय बोलली! माझेच शब्द, पण लोक डोळे पुसत होते. (स्वयंपाकघरात कुणी पुसले नव्हते.) बोलता बोलता ती माझ्या लाडक्या वाक्यावर आली: "जोसेफ आणि जयवंत विहिरीचं पाणी पिऊन वाढले, पण एक दिवसही आजारी पडले नाहीत."

"कोन? ह्यो?" पहिल्या रांगेतून जोसेफची आई, फ्लोरामावशी, ओरडली. "सारखा तापाने फणफणलेला असायचा! ह्याची आई शाळेत शिकवायला जायची, म्हनून माझ्याकडे आनून निजवायची. ह्याचं पानी उकळून उकळून माझी लाकडं संपायची!"

अख्खा मांडव हसला. मला मात्र एकदम ती खोली आठवली. खिडकीबाहेर केळीची पानं, वाडग्यात गरम पेज, तोंडी लावायला भाजलेला सुका बोंबील, आणि शाळा बुडवून माझ्या पायाशी बसलेला जोसेफ. आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस! ते मी आजवर सुट्टीचे समजत होतो. मला रडू आलं.

मावशीने माझं मनगट धरलं. "चल आत. चांगलाच तापलायस."

"मावशी, लांब राहा, तुम्हाला होईल," मी कसाबसा बोललो.

"माझ्यासाठी भिऊ नको. मी लस घेतली हाय."

तिने मला त्याच खोलीत निजवलं आणि पेज आणून दिली. बाहेर बँड वाजत होता, मटणाचा वास येत होता. तरी खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. आता फक्त जोसेफ पायाशी येऊन बसायला हवा होता.

जोसेफ आला. नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहिला.

"पेज प्यायलास?"

मी मान डोलावली.

"आराम कर. आणि ऐक, पुढच्या वर्षी आमच्या रायनचं लग्न काढतोय."

मी उशीला टेकून ताठ बसलो. पेल्याच्या सवयीने हातातला पेजेचा वाडगाही थोडा वर गेला.

"टोस्टचं वहिनींना सांगून ठेवलंय," जोसेफ म्हणाला. "तुझ्यासाठी ही खाट रिकामी ठेवतो."