पहिला फोन शर्टाले

आमच्या समोरचे भोयरकाका अंगात शर्ट असल्याशिवाय फोन घेत नाहीत.

फोन वाजला की ते आधी खुंटीवरचा शर्ट काढतात, झटकतात, घालतात, गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावतात आणि मग खुर्चीत ताठ बसून फोनकडे हात नेतात. तोवर तो वाजून वाजून गप्प झालेला असतो. त्यामुळे देवळीत त्यांना ओळखणारा प्रत्येक जण दोनदा फोन लावतो. "पहिला शर्टाले, दुसरा बोलाले," असं त्यांचा भाचाच सांगतो. मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, पलीकडच्याला तुम्ही कुठे दिसता?"

"त्याले नाई दिसत," ते म्हणाले, "पण मी मले दिसतो ना, गुर्जी. बनियनवर माणूस येगळं बोलते अन् शर्टात येगळं बोलते."

काका एसटीत कंट्रोलर होते. बस स्टँडच्या खिडकीमागे बसून त्यांनी पस्तीस वर्षं एकाच प्रश्नाची उत्तरं दिली : गाडी कधी येईल? लोक त्यांच्यावर ओरडत, खिडकीच्या गजांवर थापा मारत, आणि ते शांतपणे सांगत, "घाई नाई. गाडी उभी हाय." गाडी उभी नसली तरी हेच सांगत. निवृत्त झाले, पण वाक्य सुटलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात एकदा गॅसच्या नळीने पेट घेतला. बायको ओरडली, मी पाण्याची बादली शोधत सैरावैरा फिरत होतो. काका आत आले, "गाडी उभी हाय, बाई," म्हणाले, रेग्युलेटर बंद केला आणि चहाला नको म्हणून निघून गेले.

दुसरी खोड गावाची. माणूस भेटला की आधी त्याचं गाव विचारायचं. गाव कळलं की तालुका, तालुका कळला की त्या गावाला कोणती गाडी जाते ते स्वतःच सांगायचं. आपलं गाव न सांगणाऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. "ज्याले गाव नाई त्याले थांबा नाई," असं त्यांचं मत. नवा डॉक्टर, मीटर वाचायला आलेला माणूस, माझे पाहुणे, कोणीही यातून सुटलेलं नाही.

अशा माणसाला वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले.

काका एकटेच राहतात. मागची खोली त्यांनी एका पोराला भाड्याने दिली होती. त्याने मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपवरून कर्ज उचललं, ओळखीचा माणूस म्हणून काकांचा नंबर भरला आणि गाव सोडलं. मग काकांना दिवसातून दहा-बारा फोन. दुसरा कोणी असता तर घाबरला असता, नाहीतर नंबर बदलला असता. काकांनी प्रत्येक फोनला शर्ट घातला.

एका दुपारी मी तिथेच बसलो होतो. पलीकडचा माणूस इतक्या जोरात बोलत होता की मला सगळं ऐकू येत होतं.

"पैसा भर दे बुड्ढे, नहीं तो चार लड़के घर भेजूंगा."

"भेजो ना," काका म्हणाले. त्यांची हिंदी आमच्याकडची, म्हणजे मराठीलाच थोडी इस्त्री केलेली. "कौन से गांव से आयेंगे? नागपूर से आयेंगे तो वर्धा उतरना. वहां से यवतमाळ की गाडी में बैठना, देवळी का टिकट निकालना. बस स्टँड पे किसी को भी भोयर कंट्रोलर पूछना. चारों जेवण करेंगे क्या? तिखट चलता ना उनको?"

पलीकडचा आवाज थोडा खाली आला. मग, "तू जानता नहीं मैं कौन हूं."

"वहीच तो पूछ रहा हूं. नाव बताव, गांव बताव. घाई नहीं. गाडी खडी है."

फोन ठेवला गेला. काकांनी शर्ट काढून खुंटीला लावला. "गाव नाई सांगतलं," ते खिन्नपणे म्हणाले.

महिनाभराने त्या लोकांनी काकांचा नाद सोडला. ही गोष्ट गल्लीत हसण्यावारी गेली. आमच्या दोन घरं पलीकडे राहणारी उज्ज्वला मात्र हसली नव्हती, हे आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नाही.

उज्ज्वला साड्यांना पिको-फॉल करते. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. घरात ती आणि तिची सासू कमलाबाई. थंडी नुकती सुरू झाली होती. लग्नाचे दिवस, म्हणजे तिच्या कामाचे दिवस, आणि तिची मशीन चार दिवस बंद. पाचव्या दिवशी कमलाबाई काकांच्या दारात आल्या.

"कंट्रोलर साहेब, जरा घरी येता का? सुनेनं मोबाईल तांदळाच्या डब्यात घालून ठेवला. काय झालं ते मले सांगतलं तिनं, पण दोन दिवस झाले, काही खाल्लं नाई."

काकांनी शर्ट घातला आणि जाताना मलाही हाक मारली.

उज्ज्वला भिंतीला टेकून बसली होती. काकांनी काय झालं ते विचारलंच नाही. "पयले दोन घास खा," म्हणाले. कमलाबाईंनी वरणभात आणला. तिने चार घास खाल्ले आणि मग आम्हालाही सांगितलं. मशीनसाठी तिने मोबाईलवरून पाच हजारांचं कर्ज घेतलं होतं. फेडलंही. पण फेडल्यानंतर फोन वाढले. अजून भर, अजून भर. आता ते म्हणत होते की तुझ्या फोनमधले सगळे नंबर आमच्याकडे आहेत, तुझा चेहरा घाणेरड्या फोटोला लावून सगळ्यांना पाठवू. नमुना म्हणून एक फोटो त्यांनी तिलाच पाठवला होता. तिने पुन्हा दोनदा पैसे भरले होते, घाबरून.

तेवढ्यात तांदळाच्या डब्यातून फोन वाजला. दबका आवाज, जणू कोणी उशीखालून बोलावतंय. उज्ज्वलाने डोळे मिटले. काकांनी डबा उघडला, फोनवरचे तांदळाचे दाणे झटकले, पण उचलला नाही. वाजू दिला.

"याच्याशी बोलून काही फायदा नाई," ते म्हणाले. "माह्यासंग जे झालं ते येगळं होतं, मले लाजवाची गोष्टच नव्हती त्यायच्यापाशी. हे येगळं हाय." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "फोटू पाठोतो म्हणते ना? कोणाकोणाले?"

"सगळ्यायले," ती म्हणाली. "बाबाले बी."

"मंग त्यायच्या आधी आपण सांगू."

आधी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या शिपाईबाईंनी आलेले मेसेज आणि फोटो नीट जपून ठेवायला सांगितले, सायबर तक्रार भरून घेतली, आणि उज्ज्वलाला बजावलं की आता एक रुपयाही भरायचा नाही. काकांनी बाईंना त्यांचं गाव विचारलं. त्या आर्वीकडच्या निघाल्या. काकांनी तिकडची शेवटची गाडी सांगितली, बाईंनी ती आता बंद झाल्याचं सांगितलं, आणि काकांना ते घरी येईपर्यंत लागून राहिलं.

त्या संध्याकाळपासून काकांनी उज्ज्वलाच्या फोनमधली नावं एकेक करून घेतली. जवळच्यांच्या घरी पायी गेले, लांबच्यांना फोन केले. सगळ्यांना एकच सांगत : पोरीच्या फोनमधले नंबर चोरट्यायच्या हाती लागले. एखादा खोटा फोटू येईन. तोंड तिचं राह्यन, बाकी तिचं नाई. पाहू नका, पुढं पाठवू नका. दूधवाल्याला सांगितलं, पिकोला साड्या टाकणाऱ्या बायांना सांगितलं, गॅस सिलिंडर आणणाऱ्याला सांगितलं. तळेगावच्या मावशीला सांगायला पाऊण तास लागला, कारण ती बोलत होती.

राहिले वडनेरचे वडील. त्यांना फोनवर सांगू नका, असं उज्ज्वलाने हात जोडून सांगितलं होतं. "लग्नात त्यायनं मले एकच गोष्ट सांगतली होती. कोणाचा बोल लावून घेऊ नको."

म्हणून रविवारी आम्ही दोघं निघालो. देवळीहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून वडनेर. काका प्रत्येक स्टँडवर उतरून कंट्रोलरच्या खिडकीशी दोन मिनिटं उभे राहिले. काही विचारायला नाही, नुसते उभे.

मारोतराव वांग्याच्या वावरात होते. पोरीच्या गावची माणसं अचानक आलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला. काकांनी ते ओळखलं. "पोरगी चांगली हाय," हे पहिलं वाक्य. मग बांधावर बसून बाकीचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

मारोतराव ऐकता ऐकता क्रेटमध्ये वांगी भरत होते. क्रेट भरला, दुसरा ओढला. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी कठोर बोलणार.

"मले मोबाईलमंधलं दिसतच नाई," ते शेवटी म्हणाले. "चष्मा मोडून दोन महिने झाले. येऊ द्या किती फोटू येते ते." मग वांग्यावरची माती अंगठ्याने पुसत विचारलं, "जेवून राह्यली का ते?"

"राह्यली आता," काका म्हणाले.

निघताना त्यांनी आमच्या हातात वांग्यांची पिशवी दिली. "तिले म्हणा, संक्रांतीले येजो. मशीन घेऊन आली तरी चालते, इथं बी लय साड्या हाय."

परतीच्या गाडीत काका खिडकीबाहेर पाहत होते.  मी म्हटलं, "काका, चांगलं झालं." त्यांनी नुसती मान हलवली.

फोटो आला. मंगळवारी सकाळी, तीसेक जणांना एकदम. आणि काही झालं नाही. लोकांनी पुसून टाकला. दूधवाला नेहमीसारखा दूध घालून गेला, बाया नेहमीसारख्या साड्या घेऊन आल्या आणि नेहमीसारखी घासाघीस केली. तळेगावच्या मावशीने तेवढा त्या नंबरावर साडेचार मिनिटांचा आवाजी निरोप उलट पाठवला. तो मी ऐकला आहे. इथे लिहिण्यासारखा नाही. नवरा ट्रकवरून परतला तेव्हा कमलाबाईंनीच त्याला दारात थांबवून सगळं सांगितलं, आणि तो आत जाऊन मशीनला तेल घालत बसला. ते लोक कोण होते ते काही कळलं नाही. फोन पंधरा दिवस येत राहिले, मग कमी झाले, मग थांबले.

त्यानंतरची एक संध्याकाळ. मी आणि काका उज्ज्वलाच्या ओट्यावर बसलो होतो. कमलाबाई आणि उज्ज्वला मेथी निवडत होत्या. इकडचं तिकडचं चाललं होतं. काकांनी मध्येच विचारलं, "उज्ज्वला, तू सासूले कसं सांगतलं?"

"काय कसं?"

"म्हणजे, सुरुवात कशी केली? पयलं वाक्य काय बोलली?"

उज्ज्वला सासूकडे पाहून थोडी हसली. "पयलं वाक्य असं नाई, काका. आम्ही अशाच भाजी निवडत होतो. हात चालू होते. खाली पाहून बोलता येते ना. मी म्हटलं, आई, माह्याकडून एक चूक झाली. बस."

काका मेथीच्या जुड्यांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न पाहता बोलू लागले. काकूंना जाऊन चार वर्षं झाली, हार्टचं निमित्त झालं, एवढंच मला ठाऊक होतं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन वाजला तेव्हा काकांना कळलं. भाचीच्या लग्नात अंगठी घालायला काकूंनी एका फायनान्सवाल्याकडून पैसे घेतले होते. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्याच कोणाच्या तरी उधारीवरून काका म्हणाले होते, उधारीनं मान घेणारं माणूस माह्या घरात नको.

"सात महिने फोन येत होते तिले," काका म्हणाले. "मांगच्या अंगणात जाऊन बोलत जाय. मले वाटे, बहिणीसंग बोलून राह्यली. मी घरातच होतो, गुर्जी. लोकायले जनमभर सांगत आलो घाबरू नका म्हणून. अन् तिनं मले नाई सांगतलं."

 मेथीच्या काड्या मोडण्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"भाजी तर मीच आणत होतो रोज," ते म्हणाले. "निवडाले कधी बसलो नाई तिच्याजवळ."

कमलाबाईंनी एक जुडी उचलून परातीच्या त्यांच्या बाजूला ठेवली. काका खाली सरकले, मांडी घालून बसले आणि निवडू लागले. त्यांना येत नव्हतं. जाड देठं पानांबरोबरच परातीत पडत होती, एका काडीला मुळाची माती तशीच होती. उज्ज्वलाने ते पाहिलं, सासूने पाहिलं. दोघींपैकी कोणीही त्यांना थांबवलं नाही.