अध्यक्षांचा स्वार्थ

आमच्या शहाद्याच्या वाचनालयात एकदा भर सभेत धामण निघाली, तेव्हा आमचे अध्यक्ष दशरथआप्पा शांतपणे म्हणाले, "हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही."

खोटं नाही सांगत. मी स्वतः बाकावर पाय वर घेऊन बसलो होतो. कुणीतरी मारा म्हणालं, तर आप्पांनी विचारलं, सूचक कोण, अनुमोदक कोण? तेही मिळाले. मग नामदेव म्हणाला, जीव कशाला घ्यायचा, काठीने हुसकावू. ही झाली उपसूचना. उपसूचनेवर आधी मतं, मूळ सूचनेवर नंतर, हा आप्पांचा वेद. आमचे हात मोजून होईपर्यंत धामण आपल्या वाटेने निघून गेली. आप्पांनी इतिवृत्तात लिहिलं, 'विषय आपोआप निकालात निघाला.'

धुळ्याहून सभेच्या नियमांचं एक पुस्तक आणल्यापासून हा माणूस कामातून गेला होता. कोरीट गावी माझ्या पुतण्यासाठी आप्पांना घेऊन मुलगी बघायला गेलो. सगळ्यांना पसंत, सुपारी फुटायची तेवढी बाकी, आणि हे म्हणतात, कुणाचं विरुद्ध मत असेल तर आत्ताच मांडावं. मुलीच्या आजीने मांडलं की! जमलेलं लग्न पंधरा दिवस लोंबकळलं.

एरवी आप्पा आमच्यासारखेच अहिराणी बोलायचे. खुर्चीत बसले की मात्र पुस्तकी मराठी. सभा दर रविवारी दुपारी. विषय काय, तर वर्तमानपत्र लावायची दांडी बदलणे. त्यात कापूस वेचणीला आलेला. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी ठराव मांडला, यापुढे सभा तीन महिन्यांतून एकदाच भरवावी. नामदेवने अनुमोदन दिलं.

आप्पांचा चेहरा पडला. पण चर्चा त्यांनी नियमाने चालवली, उलट मलाच बोलायला जास्त वेळ दिला. मतं पडली पाच-पाच. आता निर्णायक मत अध्यक्षांचं. गेला आपला ठराव बोंबलत, मी मनात म्हटलं.

आप्पांनी पुस्तक उघडलं, पुन्हा मिटलं.

"ज्याचा स्वार्थ असेल त्याने मत देऊ नये, असा नियम आहे." मग टेबलाकडे बघत हळूच म्हणाले, "मन्हा स्वार्थ शे. घर बोलाले कोनी नई."

घरी बोलायला होतंच कोण? आप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना, जाऊन चार वर्षं झाली होती. मी त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत लागून घर, आणि माझ्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. स्वतःचीच लाज वाटली. उठून म्हणालो, ठराव मागे घेतो.

असा घेता येत नाही, आप्पांनी समजावलं, त्याला सभेची संमती लागते. आम्ही दहाही जणांनी हात वर केले. आप्पा बोटाने मोजू लागले. सहाव्या हातापाशी थांबले, उपरण्याने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. हात कुणीच खाली घेतला नाही.