सेन्सर गेला

“गाडीने जायचं नाही,” मधुकर गुप्ते सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाले.

“मग भाऊरावांना काय खांद्यावर घालून नेऊ मुलुंडला? इन्स्पेक्टरच्या ड्रेसमध्ये?” मृणालिनीबाईंनी किल्ली उचलली आणि त्या जिना उतरायला लागल्या. मधुकर कापडी पिशवी छातीशी धरून त्यांच्यामागून निघाले. लग्नानंतरचे बहुतेक निर्णय या दोघांनी असेच घेतले होते.

बोरीवलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या नाट्यमंडळाचा वार्षिक प्रयोग त्या रविवारी दुपारी चार वाजता होता. जवळचं नाट्यगृह मिळालं नव्हतं म्हणून मुलुंडचं घेतलं होतं. आणि या वर्षीचं नाटक चक्क मधुकरांनी लिहिलं होतं. विमा कंपनीत नोकरी करताना आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची नाटकं वाचली. स्वतःचं लिहून पुरं झालेलं हे एकच, ‘हरवल्याची तक्रार’. एक निवृत्त कारकून पोलीस चौकीत जातो आणि आपण स्वतःच हरवल्याची तक्रार लिहून घ्या म्हणतो, एवढीच गोष्ट. दिग्दर्शक सौरभने वाचून “काका, वेगळं आहे हं!” असा अभिप्राय दिला होता, आणि तेव्हापासून मधुकरांची झोप उडाली होती. चांगलं म्हणवत नसलं की लोक वेगळं म्हणतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

छातीशी धरलेल्या पिशवीत नाटकाचं सेन्सॉर होतं. सेन्सॉर म्हणजे संहितेला मिळालेलं सरकारी प्रमाणपत्र. त्याची मूळ प्रत पाहिल्याशिवाय नाट्यगृहाचा मॅनेजर पडद्याला हात लावू देत नाही. “काका, तुमच्याकडेच ठेवा, माझ्याकडून हरवेल,” असं म्हणून सौरभने ते त्यांच्या गळ्यात घातलं होतं.

भाऊराव खाली गेटपाशी उभेच होते. नाटकात इन्स्पेक्टरचं काम त्यांचं. मंडळाकडे खाकी ड्रेस एकच, तोही भाऊरावांच्या पोटाच्या आधीच्या काळातला. पट्ट्याचं बक्कल लावायला त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाईच लागत आणि त्या तर गुडघ्यामुळे घरीच राहणार होत्या. म्हणून भाऊराव ड्रेस घालूनच निघाले होते. फक्त बूट चावतात म्हणून पायात रबरी चपला होत्या.

“संवाद पाठ आहेत ना?” मधुकरांनी विचारलं.

“समोरच्याचं वाक्य आलं की माझं आपोआप येतं,” भाऊराव म्हणाले. “तो नाही बोलला तर मात्र सगळा अंधार.”

गाडीचं दुखणं गेल्या काही महिन्यांतलं. चांगली चालता चालता ती एकदम बंद पडे. ना धूर, ना आवाज. बोलता बोलता माणसाने मान टाकावी तशी. थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालू. गॅरेजवाला हर्षद तिला बघेपर्यंत ती अर्थातच ठणठणीत झालेली असे. “गाडीत काही नाही, काका. तुम्हाला वाटतं तसं,” असं तो दरवेळी म्हणे, आणि आपल्यामुळेच गाडी बंद पडते असं समजून मधुकरांनी चालवणं सोडून दिलं होतं. आता मृणालिनीबाई चालवत. गाडी त्यांच्याकडूनही बंद पडे, पण अपराधी मात्र मधुकरांनाच वाटे.

त्या दिवशी ती गोरेगावपर्यंत आली आणि हायवेच्या मधल्या लेनमध्ये थांबली. पाठीमागून जे हॉर्न सुरू झाले त्यांतला प्रत्येक हॉर्न आपल्या नाटकाबद्दलच बोलतो आहे असं मधुकरांना वाटलं. काही वेळाने ती चालू झाली, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागली, आणि पवईच्या अलीकडे पुलाच्या चढावर पुन्हा गेली. या वेळी चावी फिरवली तर नुसतंच घर्र घर्र.

मृणालिनीबाईंनी हर्षदला फोन लावून स्पीकरवर टाकला. “आत्ता बंद आहे बघ. आत्ता बोल!”

“गरम असतानाच जाते का, काकू?” हर्षद विचारात पडला. “मग क्रँकचा सेन्सर गेलाय. इंजिन फिरतंय की नाही हे तो कळवतो. तापला की कळवायचं बंद करतो, मग गाडीला वाटतं, इंजिन बंदच आहे.”

“अरे, मग आजपर्यंत काय सांगत होतास?”

“आजपर्यंत थंड होती ना! आता रविवारी पार्ट मिळणार नाही. उद्या टाकू नवा. तोपर्यंत एकच करा. गरम असताना बंद करायची नाही. एकदा बंद केली की गेली.”

मधुकरांनी ताबडतोब सौरभला फोन लावला. शेजारून एक ट्रेलर चालला होता.

“सौरभ, वाट लागली रे. सेन्सर गेला!”

“काय? सेन्सॉर गेलं?” सौरभ किंचाळला. “कुठे गेलं?”

“इथेच, पवईच्या पुलावर.”

“नीट बघा ना, काका!”

“बघून झालं. गेलाच तो. आज रविवार, आज काही मिळणार नाही. उद्या नवा मिळेल म्हणाले.”

“उद्या? अहो, पण त्याच्याशिवाय प्रयोग कसा करायचा?”

मधुकरांनी मागच्या सीटवरच्या भाऊरावांकडे पाहिलं. इन्स्पेक्टर पुलावर आणि चौकी मुलुंडला. “कसा होणार?” ते खचून म्हणाले. “मला पहिल्यापासूनच वाटत होतं, हे नाटक व्हायचं नाही.”

मग सौरभ म्हणाला, “ठीक आहे, काका. तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी बघतो.”

“मी बघतो म्हणाला,” मधुकरांनी जाहीर केलं. “म्हणजे थांबतील बहुतेक.”

“मी रिक्षा थांबवतो,” म्हणत भाऊराव खाली उतरले आणि त्यांनी हात वर केला. इन्स्पेक्टर हात वर करतोय म्हटल्यावर रिकाम्या रिक्षा तीरासारख्या सुटल्या. एकाने तर जाता जाता घाईघाईने शर्टाचं बटण लावलं. मृणालिनीबाईंनी मोबाइलवरून टॅक्सी मागवली. ती जवळपर्यंत आली, उभ्या असलेल्या साहेबांना पाहून हळू झाली आणि तशीच पुढे जाऊन तिने बुकिंग रद्द केलं.

तोवर मागे वाहनांची रांग लागली होती. भाऊरावांनी नुसताच हात हलवला, तर एक टेम्पो मुकाट्याने बाजूला झाला. त्यांनी दुसरा हात हलवला. बस थांबली. आयुष्यात घरी किंवा ऑफिसात भाऊरावांचं कोणी एवढं ऐकलं नव्हतं. त्यांची छाती फुगली, बक्कल करकरलं, आणि ते पुलाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

“भाऊराव, अहो, इकडे या!” मधुकर खिडकीतून कळवळून ओरडले.

तेवढ्यात खरा हवालदार आला. मोटरसायकल लावून त्याने आधी कडक सॅल्यूट ठोकला. इथे भाऊरावांनी काहीतरी पुटपुटून गाडीत बसायला हवं होतं. त्यांनी सॅल्यूट परत केला. डाव्या हाताने.

हवालदाराची नजर हळूहळू खाली उतरली आणि पायांपाशी थांबली.

“साहेब, चपला?”

“बूट चावतात,” भाऊराव म्हणाले.

“कोण रे तू?” हवालदाराचा आवाज एकदम बदलला. छातीवर ‘गुणाजी परब’ अशी पट्टी होती. “पोलिसाचा ड्रेस घालून भर रस्त्यात ट्रॅफिक सोडतोस? चल, बस. चौकीला चल.”

मधुकर धडपडत बाहेर आले. अनोळखी माणसाशी, त्यातून पोलिसाशी, आपण होऊन बोलायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी पिशवीतून सेन्सॉर काढून पुढे धरलं. “हे... नाटकातले आहेत. नाटकातले इन्स्पेक्टर. हे बघा, सरकारी शिक्का आहे.”

परबांनी कागद उलटसुलट केला. “कागद काय, कोण पण आणतो. नाटक माका शिकवू नकात. आमच्या गावात जत्रेक रात-रात नाटकं बघितलीत मी. नाटकवाले ना तुम्ही? मग म्हणून दाखवा.”

“इथे?”

“नायतर चौकीत.”

भाऊराव अंधारात चाचपडावं तसे मधुकरांकडे बघायला लागले. समोरचा बोलल्याशिवाय त्यांचं काही येणार नव्हतं, आणि समोरचा कारकून, म्हणजे ते काम करणारा नट, मुलुंडला होता. बसच्या खिडक्यांतून माणसं बघत होती.

“म्हणा ना अहो,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “रात्री झोपेत म्हणता तसं.”

“साहेब,” मधुकर जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, “हरवल्याची तक्रार द्यायची आहे.”

भाऊरावांच्या डोक्यातला दिवा लागला. “कोण हरवलंय?” ते गरजले.

“मी.”

बसमधलं कोणीतरी फिस्सकन हसलं.

“कधीपासून?”

“नक्की नाही सांगता येणार, साहेब. ऑफिसातून निरोपाचा नारळ घेऊन निघालो होतो. घरी फक्त नारळ पोचला.”

परब मोठ्याने हसले आणि चटकन गंभीर झाले. मागून एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवायला लागला. “ए, गप रे!” परब त्याच्यावर खेकसले. “बोला तुम्ही.”

“तुम्हाला शेवटचं कोणी पाहिलं?” भाऊरावांनी पुढचं वाक्य टाकलं.

“बायकोने. पण तेव्हा तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.”

“हे मला वाचून नव्हतं दाखवलंत,” मृणालिनीबाई स्टिअरिंगवरून म्हणाल्या.

“अंगावर काही ओळखीची खूण?”

“आहे, साहेब,” मधुकर म्हणाले. आता त्यांचा आवाज मागच्या बसपर्यंत जात होता, आणि ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. “पण विचारणारं कोणी उरलं नाही.”

परबांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

“मगे?” ते हळूच म्हणाले. “गावलो काय तो?”

“ते... दुसऱ्या अंकात आहे.”

परबांनी विचारलंच असतं, पण त्यांच्या वायरलेसवरून कोणीतरी पवई पुलावरच्या जॅमबद्दल ओरडायला लागलं. त्यांनी घाईघाईने मधुकरांचा नंबर लिहून घेतला. “वरून विचारलं तर लागेल.” मग बसमधल्या चौघांना उतरवून गाडीला धक्का मारायला लावला. तोवर ती थंड झाली होती. धक्का पूर्ण व्हायच्या आत चालू झाली.

मुलुंडला ते पोचले तेव्हा चार केव्हाच वाजून गेले होते. नाट्यगृहाचा परिसर रिकामा होता. बाहेरच्या फलकावर ‘हरवल्याची तक्रार, लेखक मधुकर गुप्ते’ असं ठळक लिहिलं होतं, आणि आतून हसण्याचा प्रचंड लोट आला.

मधुकर पायरीवर थबकले. “सुरू झालंय,” ते म्हणाले. “लोक हसतायत.”

“मग रडवेला चेहरा कशाला करताय?”

“एवढं हसण्यासारखं मी लिहिलेलं नाही.”

मागच्या दारातून ते आत शिरले. रंगमंचावर मंडळातली रेवती हातात लाटणं घेऊन सौरभच्या मागे सोफ्याभोवती पळत होती. सौरभ पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीत होता. मधुकरांनी एक वाक्य ऐकलं आणि ओळखलं. हे गेल्या वर्षीचं, ‘जावई पळाले हो!’ त्याचं सेन्सॉर सौरभच्या फायलीत कायम असे.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. सोसायटीच्या सेक्रेटरी उत्तराबाई डोळे पुसत बाहेर आल्या. त्यांना दारात मधुकर सापडले.

“गुप्ते, मानलं तुम्हाला! एवढे गप्प असता, आणि पोटात हा चावटपणा?”

“अहो, हे माझं...”

“लाजू नका. गेल्या वर्षीचं काय ते फालतू नाटक होतं, नाव पण आठवत नाही. हे बघा! याला म्हणतात लिहिणं!”

मधुकरांनी तोंड उघडलं. कोणीतरी त्यात पेढा घातला. चार-पाच जणांनी हात हातात घेतले. मधुकर प्रत्येकाला काहीतरी सांगायला जात होते आणि प्रत्येक जण तो विनय समजत होता.

चड्डीवर शर्ट चढवत सौरभ धावत आला. “सॉरी, काका! तुम्ही म्हणालात सेन्सॉर गेलं, मॅनेजर ऐकेना. म्हटलं हॉल फुकट घालवण्यापेक्षा... मी अनाऊन्स केलं होतं, पण माईकच चालला नाही.”

मधुकरांनी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं.

“हे तर आहे!”

“सेन्सर, सौरभ. गाडीचा.”

“गाडीला सेन्सॉर कशाला लागतं?” असं विचारून झाल्यावर सौरभला उलगडा झाला आणि तो खाली बसला. “पुढच्या वर्षी तुमचंच करू, काका. शप्पथ. फक्त आता लोकांना हे आवडलंय ना... तर तुमच्यात जरा लाटणं वगैरे घालता येईल का, बघा.”

परतीच्या वाटेवर भाऊराव मागे बक्कल सोडून घोरत होते. मधुकर मांडीवर पिशवी घेऊन समोर बघत बसले होते. आपल्या हयातीत आपलं नाटक होणार नाही, हे एव्हाना त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं. झालंच तर त्यात लाटणं असेल.

पवई मागे पडली आणि त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. मृणालिनीबाईंनी गाडी कडेला घेतली.

“परब बोलतंय. पुलावरचो हवालदार. आत्ताच ड्युटी सुटली.”

मधुकर सावरून ताठ बसले. “काही... केस वगैरे झाली का?”

“केस कसली! सकाळपासून उभा होतो, पण संध्याकाळभर डोक्यात तेवढाच फिरताहा. तो माणूस गावलो काय शेवटी? तुम्ही म्हणालात, दुसऱ्या अंकात.”

मधुकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. इंजिनच्या घरघरीत नीट ऐकू येत नव्हतं.

“जरा गाडी बंद कर,” ते म्हणाले.

“अहो, गरम आहे. हर्षद काय म्हणाला? आता बंद केली तर परत चालू व्हायची नाही.”

“नको होऊ दे,” मधुकर म्हणाले. “दुसरा अंक मोठा आहे.”